सेनापती बापटांचा झाडू

ऑक्टोबर महिना उजाडला की गावोगाव नवे झाडू बाहेर येतात. २ ऑक्टोबरला सरपंच, सभापती, मुख्याध्यापक आणि सवड असली तर आमदारसाहेबही एका रांगेत उभे राहतात. आदल्या दिवशीच झाडून ठेवलेल्या रस्त्यावर पुन्हा एकदा झाडू फिरतो, फोटो निघतात, चहा होतो, आणि चहाचे प्लास्टिकचे कप तिथेच पडलेले राहतात. ते कप उचलते ती कंत्राटावरची सफाई कामगार महिला. तिचा फोटो कोणी काढत नाही. वर्षाचे बाकीचे सर्व दिवस हा रस्ता तिचाच असतो.

स्वच्छतेच्या नावाने महापुरुषांची नावे घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अशा वेळी एक नाव मात्र क्वचितच ऐकू येते. ते नाव पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच सेनापती बापट यांचे. बॉम्बची विद्या आणणारा क्रांतिकारक आणि मुळशी सत्याग्रहाचा सेनापती म्हणून शाळेच्या पुस्तकातून ते सर्वांना माहीत आहेत. परंतु या माणसाने आपल्याच गावात हातात झाडू घेतला होता, आणि पुढे मुंबईच्या झाडूवाल्यांच्या संपाचे पुढारीपणही केले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तरच त्यांच्या झाडूचा अर्थ कळतो. आजच्या स्वच्छता मोहिमांना त्यातली एकच गोष्ट हवी असते, दुसरी नको असते. म्हणून हे चरित्र पुन्हा सांगण्याची गरज आहे.

पारनेर ते पॅरिस

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. मुलगा हुशार निघाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. पदवी घेतल्यावर १९०४ साली मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर यंत्रशास्त्र शिकण्यासाठी तो एडिंबरोला पोहोचला. तिथे इंग्रजी राज्यावर कडक टीका करणारे भाषण केल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचे इंडिया हाऊस, श्यामजी कृष्णवर्मा आणि सावरकर यांचा सहवास, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून मिळालेली बॉम्बची विद्या आणि १९०८ साली स्वदेशी परत येणे, हा सारा भाग इतिहासात नोंदलेला आहे. अलीपूर खटल्यात माफीच्या साक्षीदाराने त्यांचे नाव घेतले आणि बापट भूमिगत झाले. सुमारे साडेचार वर्षे ते अज्ञातवासात होते. १९१२ साली इंदूरला पकडले गेले. ठोस पुरावा हाती न लागल्यामुळे अखेर सुटले आणि पारनेरला परतले.

एखाद्याला वाटेल की विलायत पाहून आलेला हा पदवीधर आता वकिली करील, मास्तरकी करील, निदान गावात मानाने बसून राहील. बापटांनी तसे केले नाही. पहाटे उठावे, हातात झाडू घ्यावा, गावचे रस्ते झाडावेत, शौचकूप साफ करावेत आणि नंतर लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात, असा त्यांनी क्रम धरला. १९१४ च्या नोव्हेंबरात त्यांना मुलगा झाला. त्याच्या बारशाला त्यांनी पहिली पंगत अस्पृश्यांची बसवली.

आज हे वाचताना फार मोठे वाटणार नाही. पण त्या काळचे गाव डोळ्यांपुढे आणा. गावची चावडी आणि रस्ते झाडणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, सांगावे पोहोचवणे, ही कामे वतनाच्या नावाखाली महारांच्या गळ्यात बांधलेली होती. मैला उचलण्याचे काम भंगी-मेहतर समाजाच्या डोक्यावर होते. घाण करणारा एक आणि काढणारा दुसरा, आणि काढणाराच अपवित्र, असा हा चातुर्वर्ण्याचा न्याय. गावातला कचरा ही आरोग्याची बाब नव्हतीच, ती जातीची बाब होती. अशा वेळी गावातला सर्वात शिकलेला ब्राह्मण सर्वांच्या देखत शौचकूप साफ करतो, तेव्हा तो या न्यायालाच आव्हान देत असतो. ज्याचा कचरा त्याने काढावा, हा साधा नियम त्याने स्वतःपासून सुरू केला. कर्मठ मंडळींना त्या झाडूत धर्मबुडवेपणा दिसला असेल तर नवल नाही.

संपाचे पुढारीपण

तरीही बापट इथेच थांबले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. उच्चवर्णीयाने हौसेने झाडू मारला आणि त्याची वाहवा झाली, अशी उदाहरणे आपण पुष्कळ पाहिली आहेत. हौसेचा झाडू खाली ठेवता येतो. पोटासाठी आणि जातीमुळे हातात आलेला झाडू खाली ठेवता येत नाही. हा फरक ज्याला कळला नाही त्याला स्वच्छतेचा प्रश्नच कळला नाही.

बापटांना तो कळला होता असे म्हणण्यास आधार आहे. १९१५ नंतर ते पुण्यात वृत्तपत्रांत काम करू लागले. टिळकांच्या 'मराठा' पत्रात होते, पुढे डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामातही होते. ४ ऑगस्ट १९२० रोजी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षी मुंबईत झाडूवाल्यांचा संप झाला. हे झाडूवाले कोण होते? गुजरात-काठेवाडातून आणि महाराष्ट्राच्या खेड्यांतून आलेले अस्पृश्य स्त्री-पुरुष. मुंबईची श्रीमंती त्यांच्या झाडूवर उभी होती, पण माणूस म्हणून त्यांना किंमत नव्हती. बापट या संपात उतरले, त्याचे पुढारीपण केले. झाडू-कामगार मित्रमंडळ नावाची संस्था स्थापन केली. संप यशस्वी झाला.

१९२० हे साल आपल्या चळवळीच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. ३१ जानेवारीला बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावला परिषद झाली. जुलैत बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. मुक्यांना वाचा फुटत होती, त्या वेळी पारनेरचा हा माणूस झाडूवाल्यांच्या बाजूला उभा राहिला. पारनेरमध्ये त्याने झाडू हातात घेतला होता. मुंबईत तो झाडू खाली ठेवणाऱ्यांच्या पाठीशी राहिला. माझ्या मते यापैकी दुसरे काम अधिक अवघड. कारण रस्ता झाडणाऱ्याला साधू म्हणणे समाजाला सोपे जाते, पण झाडूवाला काम बंद करून मजुरी मागू लागला की तोच समाज त्याला उर्मट म्हणतो.

पुढील आयुष्य

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य तुरुंग आणि सत्याग्रह यांतच गेले. पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या. त्याविरुद्धच्या सत्याग्रहात १९२१ पासून बापट उतरले, आणि सेनापती ही पदवी लोकांनी त्यांना तिथेच दिली. १९२४ च्या अखेरीस रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ साली सुटले, पुन्हा भाषणांबद्दल पकडले गेले, आणि १९३७ साली बाहेर आले. पुढे फॉरवर्ड ब्लॉक, गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा, या सर्वांत ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आज मुंबईत आणि पुण्यात दोन मोठे रस्ते त्यांच्या नावाचे आहेत. ते रस्ते पहाटे झाडणाऱ्यांना हे कोणाचे नाव आहे असे विचारले तर किती जणांना सांगता येईल? दोष त्यांचा नाही. आपल्या बाजूने उभा राहिलेला माणूस त्यांना कोणी सांगितलाच नाही.

बापटांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जातिव्यवस्थेच्या मुळावर, धर्मग्रंथांच्या अधिकारावर घाव घालण्याचे काम त्यांनी हाती घेतले नाही. ते काम फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी केले. बापटांचा पिंड देशभक्ताचा आणि त्यागाचा होता. माणुसकीने ते अस्पृश्यांकडे गेले, पण अस्पृश्यता ज्या व्यवस्थेतून निपजते तिची चिकित्सा त्यांच्या कार्याच्या केंद्रस्थानी नव्हती. ही नोंद करूनच त्यांच्या झाडूचे मोल करावे लागेल.

बाबासाहेबांची कसोटी

हे मोल कोणत्या मापाने करायचे, ते बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. भंगीकामाला पवित्र सेवा ठरवून त्याचा गौरव करण्याच्या गांधीवादी भूमिकेवर त्यांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात कठोर टीका केली. त्यांचे म्हणणे असे होते की घाणीच्या कामाला थोर म्हटल्याने ते करणाऱ्याची सुटका होत नाही, उलट तो त्याच कामात खूश राहावा अशी सोय होते. ते केवळ टीका करून थांबले नाहीत. मुंबईत त्यांनी म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. महार वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

या कसोटीला आपल्या परंपरेत आधार आहे. राजगृहात रस्ते झाडणाऱ्या सुनीताला भगवान बुद्ध भेटले, तेव्हा त्यांनी त्याच्या झाडूची स्तुती केली नाही. त्याला संघात घेतले आणि इतरांच्या बरोबरीने बसवले. संत गाडगेबाबांचेही तसेच. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडलेला हा परीट समाजातला माणूस गावोगाव झाडू मारीत फिरला, पण संध्याकाळच्या कीर्तनात तो लोकांच्या डोक्यातला कचरा काढीत असे. कर्ज काढून सण करू नका, नवसाला बोकड कापू नका, मुलांना शिकवा, जात पाळू नका, हे त्याचे सांगणे होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. गाडगेबाबांचा झाडू शेवटी शाळेच्या आणि वसतिगृहाच्या दारात जाऊन पोहोचतो, हे आपण विसरता कामा नये.

अभियानात काय राहून गेले

गाडगेबाबांच्याच नावाने महाराष्ट्रात २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. आर. आर. पाटील त्या वेळी ग्रामविकास मंत्री होते. या अभियानाने गावांना चांगली सवय लावली यात शंका नाही. आपल्या जिल्ह्यात त्याआधीपासूनच उदाहरणे होती. पारनेर तालुक्यातच राळेगणसिद्धीत श्रमदानातून गाव बदलले. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात पाण्याच्या कामाबरोबर लोटाबंदी, म्हणजे उघड्यावर शौचास न बसण्याचा नियम, गावसभेच्या संमतीने लागू केला. गावाने ठरवले तर गाव स्वच्छ राहते, हे या गावांनी सिद्ध केले.

मात्र तेव्हाचा कचरा आणि आजचा कचरा यांत फरक पडला आहे. पूर्वी घरातला कचरा म्हणजे राख, शेण, भाजीचे देठ आणि उरलेला पालापाचोळा. तो उकिरड्यावर जायचा आणि पावसाळ्याआधी शेतात खत म्हणून पडायचा. आज त्याच उकिरड्यावर शॅम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटे, लग्नातली थर्माकोलची ताटे, मुलांचे डायपर आणि औषधांच्या बाटल्या येऊन पडतात. हे कुजत नाही. मग कोणीतरी ते पेटवून देतो आणि धूर सगळ्या वस्तीच्या छातीत जातो. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, पण आठवडे बाजारात उभे राहून पाहा, बंदी कुठे दिसते?

इलाज काही चंद्रावरून आणायचा नाही. ओला कचरा घरातच वेगळा ठेवला की निम्मे काम होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी काढलेली नाडेप पद्धत आपल्याच महाराष्ट्रातली आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे जाळीदार टाके बांधायचे, त्यात काडीकचरा, शेण आणि माती थराथराने भरायची, आणि तीन-चार महिन्यांत खत तयार. वाडीवस्तीवर चार-पाच घरांनी मिळून एक टाके केले तरी पुरते. सांडपाण्यासाठी शोषखड्डा, लग्नकार्यासाठी गावाच्या मालकीची स्टीलची ताटे-वाट्या, बाजाराला जाताना कापडी पिशवी. यातली एकही गोष्ट बचत गटाच्या आवाक्याबाहेरची नाही. कचरा मुळात कमी करणे हेच खरे स्वच्छता अभियान. कारण घरातून बाहेर टाकलेली प्रत्येक गोष्ट शेवटी कोणाच्या तरी हाताला लागते, आणि तो हात कोणाचा, हे या देशात अजूनही जात ठरवते.

वकील म्हणून काम करताना हे मला रोज दिसते. सफाई कामगारांची प्रकरणे हाताळताना हजेरीपत्रकावरची नावे वाचली की जातीचा वेगळा दाखला मागावा लागत नाही. ठेकेदार बदलतो, कामगार तेच राहतात, आणि प्रत्येक नव्या ठेक्याबरोबर त्यांची नोकरी पहिल्या दिवसापासून मोजली जाते. हातमोजे कागदावर दिलेले असतात. पीएफ कापलेला असतो, पण भरलेला नसतो. गावपातळीवर तर याहून बिकट. तिथे सफाई करणाऱ्याला कामगार म्हणायलाच कोणी तयार नसते.

कायदा नाही असे नाही. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा पहिला कायदा १९९३ साली आणि दुसरा अधिक कडक कायदा २०१३ साली झाला. गटारात मरण पावणाऱ्याच्या वारसाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढली, मरण थांबले नाही. शहरांसाठीच्या २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. १९२० चा संप ज्या शहरात झाला त्याच शहरात, जवळजवळ शंभर वर्षांनी, हा विजय मिळाला. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे तिच्यातूनच कचरावेचक महिलांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि कचरा वेचणारी बाई घरोघर हक्काने सेवा शुल्क घेणारी सभासद झाली. संघटना असली की झाडूला किंमत येते, हा याचा अर्थ.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. स्वच्छता अभियान हे त्यांचे आहे असे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. ग्रामसभेत जा आणि तीन प्रश्न विचारा. पहिला, गावात ओला कचरा किती घरे वेगळा करतात? दुसरा, कचरा टाकण्याची जागा कोणाच्या वस्तीजवळ आहे आणि ती कोणी ठरवली? तिसरा, गाव झाडणाऱ्याला महिन्याला किती रुपये मिळतात, ते किमान वेतनाएवढे आहेत का आणि ते त्याच्या बँक खात्यात जमा होतात का? या तीन प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी उत्तर स्वीकारू नका. ज्या गावाला या उत्तरांची लाज वाटत नाही, ते गाव खरोखर स्वच्छ. बाकीच्या गावांना मिळालेली प्रमाणपत्रे भिंतीवर शोभून दिसतात, एवढेच.

पारनेरने हे आधी करावे. येत्या १२ नोव्हेंबरला सेनापतींच्या प्रतिमेला हार घालताना तालुक्यातील सर्व सफाई कामगारांना मानाने बोलवावे. त्यांना शाल-श्रीफळ नको. त्या दिवसापर्यंतचा थकलेला पगार आणि नेमणुकीचा लेखी आदेश त्यांच्या हातात द्यावा. झाडूवाल्यांच्या संपाचे पुढारीपण करणाऱ्या माणसाला याहून योग्य अभिवादन दुसरे कोणते असू शकते?